चोरीला गेलेला चौथा लॅपटॉप

मंगळवार, ४ फेब्रुवारी २०२५. सकाळी ९.४०

नर्मदा जयंती. इथं जबलपुरात कॉलेजचा अर्धा स्टाफ ग्वारीघाटला, नर्मदेवर. सर्व्हर रूममध्ये मी एकटाच, म्हणून ही वही आजपासून.

सुनेत्रा सकाळच्या बसने नागपूरला गेली. एक सुटकेस, एक पिशवी, लॅपटॉप. दारात म्हणाली, "मी चालली. परत यायची नाही." तेवीस वर्षांत हे वाक्य दहा वेळा तरी ऐकलं असेल. या वेळी आवाज चढवला नाही, म्हणजे राग उतरत आलेला आहे. आठ दिवस धरून चालू.

कारण अगदीच क्षुल्लक. घरच्या वायफायचा पासवर्ड मी दर सोमवारी बदलतो. सुरक्षेचा नियम आहे. नवा पासवर्ड कुठं लिहायचा नाही, मी तोंडी सांगायचा, हाही नियमच. काल सांगायचा राहिला. चार वाजता तिची ऑनलाइन गणिताची शिकवणी असते, नऊ मुलं. तिने सात फोन केले. मी मीटिंगमध्ये होतो. घरी गेलो तर ती लॅपटॉप मिटून समोर बसलेली. विचारलं, "काहून बसली अशी?"

संकल्प: ती येईपर्यंत घर आरशासारखं ठेवायचं. आणि कॉलेजातले चोरीचे तिन्ही लॅपटॉप मार्चअखेर शोधून काढायचे.

बुधवार, ५ फेब्रुवारी

ती फोन उचलत नाही. तिच्या भावाला नागपूरला केला. तो म्हणाला, "भाऊजी, ताई इकडं आलीच नाही." आता ही काळजीचीच गोष्ट झाली. काळजीत माणूस हातात जे साधन असेल ते वापरतो.

माझ्याकडे साधन आहे. डिसेंबरमध्ये लायब्ररीतून तीन लॅपटॉप गेले. त्याच्या दोन महिने आधी मीच कॉलेजसाठी एक प्रोग्राम आणला होता. ज्याला कॅम्पसचं वायफाय पाहिजे, त्याच्या लॅपटॉपमध्ये तो बसतोच. लॅपटॉप कुठंही इंटरनेटला जोडला की जागा कळते, वीस मीटरच्या आत. बटण दाबलं तर कॅमेऱ्यातून फोटोही येतो. वायफायच्या फॉर्ममध्ये चौदाव्या कलमात सगळं लिहिलं आहे. फॉर्म कोणी वाचत नाही, त्याला मी काय करू.

सुनेत्राच्या लॅपटॉपमध्ये मी तो ट्रायल म्हणून टाकला होता. तिला सांगितलं नव्हतं. तांत्रिक गोष्टींनी तिचं डोकं दुखतं.

अडचण एकच. लॅपटॉप 'चोरीला गेला' अशी नोंद केल्याशिवाय जागा दिसत नाही. नोंद केली. तक्रारदार: र. खानझोडे. मंजुरी देणारा नेटवर्क इन्चार्ज: र. खानझोडे. दोन मिनिटांत उत्तर. नागपूर, मानेवाडा.

म्हणजे प्रणोतीकडे. हिची कॉलेजची मैत्रीण. बँकेत आहे, एकटी राहते. मला ती पहिल्यापासून आवडत नाही.

तरी जीव भांड्यात पडला. आता पुन्हा बघायचं कारण नाही.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी. दुपारी १.१५

एक फोटो घेतला. फक्त सुखरूप आहे की नाही एवढ्यासाठी. कपाळ आणि छताचा पंखा दिसला. यावरून काही ठरवता येत नाही. दुसरा घेतला. तिने चष्मा लावला होता. तिला चष्मा कधी लागला? मला कोणी सांगितलं नाही.

सोमवार, १० फेब्रुवारी

हॉस्टेलच्या दुसऱ्या मजल्यावरचं वायफाय सकाळपासून बंद. माकडांनी वायर ओढली. आलोकला पाठवलं. आलोक माझा ज्युनिअर. काम चांगलं करतो, पण प्रश्न फार विचारतो. आज स्क्रीनकडे पाहून म्हणाला, "सर, ये चौथा कौन सा लॅपटॉप है? चोरी तो तीन हुए थे." टेस्टिंगचा आहे म्हणालो.

सुखदाचा इंदूरहून फोन. लेकीला मराठी सगळं समजतं, बोलते हिंदीतच. म्हणाली, "पापा, मम्मी ठीक है. अभी उनको फोन मत करो." मी म्हणालो, फोन कुठं करून राहिलो मी. फोन खरंच केलेला नाही.

भाजी करपली. गॅस मोठा असतो हे कोणी लिहून ठेवायला पाहिजे होतं.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

सलोनी आली होती. डिसेंबरच्या तिघांपैकी एक लॅपटॉप तिचा. पीएचडी करते. चार वर्षं नर्मदेच्या पाण्याच्या चाचण्या केल्या, सगळे आकडे त्यातच. दुसरीकडे कॉपी ठेवली नव्हती. दर गुरुवारी येते आणि दाराशी उभी राहून विचारते, "सर, कुछ पता चला?" मी म्हणालो, सिस्टीम चोवीस तास नजर ठेवून आहे, तुझा लॅपटॉप जगात कुठंही उघडला तर पहिली घंटा इथं वाजेल. तिला धीर आला. धीर देणं हाही कामाचाच भाग आहे.

ती गेल्यावर सुनेत्राचे तीन फोटो घेतले. एकात ती शिकवत होती. मागं पांढरा फळा. फळा कुठून आणला?

सोमवार, १७ फेब्रुवारी

घरचा पासवर्ड बदलला. सांगायला कोणी नाही. सुरक्षा शंभर टक्के.

एकेक फोटो घेत बसण्यात वेळ जातो, कामावर परिणाम होतो. म्हणून दर अर्ध्या तासाला आपोआप येईल अशी सोय केली. आता बघायची गरजच नाही. संध्याकाळी एकदम पाहून घ्यायचे.

बुधवार, १९ फेब्रुवारी. दुपारी ३.३०

आज दुपारी ती टेबलावर डोकं ठेवून झोपली होती. चष्मा हातात. मागची खिडकी उघडी. अडीचच्या फोटोत झोपलेली, तीनच्या फोटोतही. आमच्या घरी तिला दुपारी झोपलेलं मी कधी पाहिलं नाही. मी दुपारी घरी नसतो, हेही खरं. पुढचा फोटो येईपर्यंत तसाच बसून राहिलो.

मधे सिस्टीमची घंटा वाजत होती. अशा खोट्या घंटा रोज दोन-चार वाजतात. आवाज बंद केला. उद्या सगळ्या एकदम तपासीन.

शनिवार, २२ फेब्रुवारी

ती हसून राहिली आहे. दोन फोटोंत. तोंडावर हात न ठेवता. दाखवण्यासाठी असणार. पण कोणाला दाखवण्यासाठी, ते कळलं नाही. कॅमेऱ्याचं तर तिला ठाऊक नाही.

गुरुवार, २७ फेब्रुवारी

सलोनी आली. तेच उत्तर दिलं. तिच्या गाइडने मुदत वाढवून मागितली आहे, मेपर्यंत. मी म्हणालो, मे फार लांब आहे, त्याआधीच काम होईल.

घरात मुंग्या.

बुधवार, ५ मार्च. सकाळी ११.१०

साडेदहाच्या फोटोत एक पुरुष. पाठमोरा. निळा शर्ट, बाही वर केलेली. सुनेत्रा त्याच्याशी बोलताना दिसते.

दुपारी १२.१०

अजून आहे.

दुपारी १.००

गेला. साडेबाराच्या फोटोत नाही. म्हणजे दीड तास. आजचा स्टाफ मीटिंगचा अहवाल द्यायचा राहिला. आलोकला सांगितलं, डोकं दुखतं.

शुक्रवार, ७ मार्च

विचार करून ठरवलं. भांडायला जायचं नाही, आणायला जायचं. स्त्रीला कोणीतरी आणायला यावं असं वाटत असतं. तिच्या मनात तेच असणार, सांगत नाही एवढंच. रविवारी सकाळची बस. केस कापून घेतले.

रविवार, ९ मार्च. बसमध्ये, संध्याकाळी ५.४५

अक्षर वाकडं येतं, रस्ता खराब आहे.

घर लगेच सापडलं. गेटसमोर उभा राहून फोनवर पाहिलं, अकरा मीटर. सिस्टीमबद्दल शंका घेणाऱ्यांनी हे पाहायला पाहिजे होतं.

दार प्रणोतीने उघडलं. या, बसा, असं काही नाही. सुनेत्रा आतून आली. तोच चष्मा. म्हणाली, "तुम्हाला पत्ता कोणी दिला?"

मी म्हणालो, कोणी नाही, मी शोधला.

"भावाला माहीत नाही. सुखदाने दिला नाही, मला माहीत आहे. मग?"

आता खोटं काहून बोलायचं? मी सगळं सांगितलं. प्रोग्राम, जागा, दर अर्ध्या तासाची सोय. थोडा अभिमानही वाटला, कारण इतकं शांतपणे तिने माझं काम कधी ऐकून घेतलं नव्हतं. बुधवारच्या माणसाचंही विचारलं. प्रणोती म्हणाली, "पाण्याचा फिल्टर बसवायला आला होता तो."

सुनेत्रा म्हणाली, "फोटो दाखवा."

फोनवर दाखवले. तिने फोन माझ्या हातातून घेतला आणि एकेक सरकवत गेली. बराच वेळ. एका फोटोवर थांबली. त्यात तिचे केस ओले होते, खांद्यावर टॉवेल. त्यात वावगं काही नव्हतं, आणि तसे दोन-तीन मी वेगळे ठेवले होते, ते सांगितलंही.

ती खुर्चीवर बसली. म्हणाली, "या खोलीत मी कोणाला न विचारता बसत होती. किती वर्षांनी. अन् तुम्ही इथंही होते."

मी म्हणालो, काळजीपोटी.

"काळजी होती तर माझा पासवर्ड मला द्यायचा होता."

तेवढ्यात प्रणोती टेबलाशी गेली आणि लॅपटॉप मिटला. त्यावर एक उशी ठेवली. मग माझा फोन सुनेत्राच्या हातातून घेऊन त्यातले फोटो आपल्या फोनवर पाठवून राहिली. मी म्हणालो, हे बरोबर नाही, हा माझा खासगी फोन आहे. दोघी माझ्याकडे पाहत राहिल्या.

सुनेत्रा म्हणाली, "जा तुम्ही आता."

पाणीसुद्धा विचारलं नाही. पण ओरडली नाही. रडलीही नाही. अचानक समोर पाहून धक्का बसणारच. दोन-चार दिवस द्यावे लागतील.

सोमवार, १० मार्च

लॅपटॉप ऑफलाइन. चार्जर बिघडला असावा. तो जुनाच होता.

घरचा पासवर्ड बदलला.

बुधवार, १२ मार्च

ऑफलाइन.

शुक्रवार, १४ मार्च

होळी. गल्लीत डीजे. कोणी दार वाजवलं नाही. दरवर्षी सुनेत्रा करंज्यांचं ताट घेऊन बाहेर उभी असते, म्हणून येत असतील लोक. मी पुस्तकांच्या कपाटावरची धूळ पुसली. तिथं तिची एक वही सापडली. शिकवणीच्या मुलांची नावं, पुढं कोणाला काय येत नाही ते. 'विक्की: अपूर्णांकाला घाबरतो. घाई करायची नाही.' पानंच्या पानं अशी. ठेवून दिली.

सोमवार, १७ मार्च. दुपारी २.२०

प्रिन्सिपल मॅडमनी बोलावलं. टेबलावर सुनेत्राचं पत्र. हिंदीत, दोन पानं, फोटो जोडलेले. टॉवेलचा फोटोही. स्वतःच पाठवला. मला वाटलं होतं, ती लाजेल.

मॅडम म्हणाल्या, "खानझोडे जी, ये आपकी पत्नी हैं?" मी म्हणालो, घरगुती गैरसमज आहे, पती-पत्नीतला. त्या म्हणाल्या, "सॉफ्टवेअर तो घर का नहीं है." चौकशी समिती नेमली. बरंच झालं. समितीसमोर सिस्टीम नीट समजावून सांगता येईल, अशी संधी आजवर मिळाली नव्हती.

बुधवार, १९ मार्च

सुखदाचा फोन. नेहमी हॅलो पापा म्हणते. आज नुसतं म्हणाली, "मेरे लॅपटॉप में भी है क्या?"

मी म्हणालो, नाही.

म्हणाली, "सच बोलो."

दिवाळीत आली होती तेव्हा टाकला होता. पण वापरला नाही. एकदाच वापरला, ती फोन उचलत नव्हती म्हणून; चोरीची नोंद त्याच दिवशी काढून टाकली. ती परीक्षा देत होती. फोटो घेतला नाही. मी हे सगळं नीट समजावून सांगत होतो. मधेच कळलं, पलीकडे कोणी नाही.

शुक्रवार, २१ मार्च. दुपारी ४.००

समिती. तीन जण. बारा पानांची तयारी करून गेलो होतो. कोणी पाहिली नाही. सिस्टीमची नोंदवही काढायचं काम आलोकला दिलं होतं. तो उभा राहून वाचत होता, माझ्याकडे न पाहता.

चौथा लॅपटॉप: फोटो आठशे बारा.

लायब्ररीतले तीन लॅपटॉप: नोंदी एकदाही उघडून पाहिल्या नाहीत.

मग त्याने एक ओळ वाचली आणि थांबला. मॅडम म्हणाल्या, "पढ़िए." त्याने वाचलं. १९ फेब्रुवारी, दुपारी दोन वाजून पाच मिनिटं. सलोनीचा लॅपटॉप ऑनलाइन आला होता. जागा: गढा. चाळीस मिनिटं चालू होता. घंटा सहा वेळा वाजली. दोन वाजून पंचेचाळीस मिनिटांनी त्यातलं सगळं पुसलं गेलं आणि नवीन विंडोज बसली. त्यानंतर काही नाही.

जागा आमच्या घरापासून तिसऱ्या गल्लीत. स्कूटरने रोज तिथून जातो.

मॅडमनी विचारलं, त्या वेळी तुम्ही कुठं होता. मी म्हणालो, ड्यूटीवर, स्क्रीनसमोर. हे खरं आहे. आलोकने त्याच दोन-पंचेचाळीसच्या आसपासचे फोटो समितीपुढं ठेवले. टेबलावर डोकं ठेवून झोपलेली सुनेत्रा.

एका सरांनी फोटो उलटा करून ठेवला.

माझं म्हणणं असं की चाळीस मिनिटांत पोलीस पोचलेच असते असं नाही. हे मी लेखी देणार आहे.

सोमवार, २४ मार्च

बातमी हॉस्टेलपर्यंत गेली. सकाळी नऊपासून सर्व्हर रूमसमोर मुलींची रांग, जिन्यापर्यंत, खाली पोर्चपर्यंत. प्रत्येकीच्या लॅपटॉपमधून प्रोग्राम काढायचा हुकूम. मी काढायला बसलो तर पहिल्याच मुलीने लॅपटॉप छातीशी धरला. म्हणाली, "आप नहीं. आलोक सर निकालेंगे." मागच्यांनीही तेच. आलोक दिवसभर काढत होता. मी खुर्ची भिंतीकडे फिरवून बसलो. माझ्याजागी दुसरा कोणी असता तर निघून गेला असता. मी थांबलो.

गुरुवार, २७ मार्च

सलोनी आली नाही. पाचपर्यंत वाट पाहिली. साडेपाचला खाली पार्किंगमध्ये दिसली. वडील बरोबर होते, खमरियाच्या दारूगोळा फॅक्टरीतून आले असावेत, तिथली पिशवी हातात. मी स्वतःहून जवळ गेलो. मोठेपणा दाखवायचं ठरवलं होतं. म्हणालो, तांत्रिक मर्यादा असतात.

ती म्हणाली, "सर, मैं हर गुरुवार को आती थी."

वडिलांनी विचारलं, "यही हैं?" ती हो म्हणाली. ते माझ्याहून वयाने मोठे. मारतील असं वाटलं. त्यांनी फक्त तिची बॅग आपल्या खांद्यावर घेतली, आणि दोघं गेटकडे गेले. पुन्हा सगळ्या चाचण्या करायच्या तर चार पावसाळे लागतात, असं ती एकदा म्हणाली होती.

मंगळवार, १ एप्रिल

राजीनामा दिला. मागितला होता असं काही लोक सांगत फिरतील. मी स्वतः लिहिला, स्वतः सही केली. मॅडमनी मजकूर तेवढा सांगितला.

सर्व्हर रूमच्या किल्ल्या आलोकने मोजून घेतल्या. दारापर्यंत आला. म्हणाला, "सर, मैंने पूछा था आपसे, चौथा कौन सा है." मी म्हणालो, आठवतं. म्हणाला, "मुझे तभी बोल देना था किसी को." बिचारा स्वतःला दोष देऊन राहिला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवणार होतो. तो एक पायरी मागं सरला.

संकल्प: स्वतःची कन्सल्टन्सी. जबलपुरात कॉलेजं कमी नाहीत.

बुधवार, ९ एप्रिल

सहा कॉलेजांना ईमेल. एकाचं उत्तर. ते आपोआप जाणारं होतं.

नागपूरहून वकिलाची नोटीस. वेगळं व्हायचं आहे. कारणांत तेवीस वर्षांचं बरंच आहे. फोटो सगळ्यात शेवटी, अकरावं कारण. मला वाटत होतं ते पहिलं असेल. मधली दहा दोनदा वाचली. सातवं असं की तिला चष्मा हवा होता, दोन वर्षं म्हणून राहिली होती. मला आठवत नाही. म्हणाली असेल. ती हळू बोलते.

रविवार, २० एप्रिल. सकाळी ११.३०

सुखदा सकाळी आली. आईचं सामान न्यायला, दुपारच्या गाडीने परत. मी पोहे केले. मीठ जास्त पडलं, तिने थोडे खाल्ले.

कपडे, कागदपत्रं, शिकवणीची वही, एक पितळी डबा. यादी मराठीत होती, सुनेत्राच्या अक्षरात. सुखदा एकेक ओळ बोटाने सावकाश वाचत होती, एखादा शब्द मला विचारत होती. मी सांगत होतो. अर्धा तास चांगला गेला. मी म्हणालो, आईला सांग, मी आता पूर्ण बदललो आहे. ती म्हणाली, "हां पापा."

मग तिला एक फॉर्म भरायचा होता, म्हणून जेवणाच्या टेबलाशी लॅपटॉप काढला. मी न मागता वायफायचा पासवर्ड कागदावर लिहून दिला. तिने कागद पाहिला, बाजूला ठेवला आणि स्वतःच्या मोबाइलचं नेट लावलं.

लॅपटॉप उघडायच्या आधी उठून आतल्या खोलीत गेली. आरशाच्या कडेला सुनेत्राच्या टिकल्यांचं पाकीट अजून अडकवलेलं होतं. त्यातली एक टिकली काढून आणली, लाल, मध्यम आकाराची. झाकण थोडं वर करून तिने ती कॅमेऱ्यावर लावली आणि अंगठ्याने दाबून धरली.

मग पूर्ण उघडला आणि म्हणाली, "बोलो पापा, क्या कह रहे थे?"

मी म्हणालो, गोंदाने काच खराब होते.

ती म्हणाली, "होने दो."